बशी उलटी करून पाहताना

युरोपातल्या प्रत्येक जुन्या पोर्सिलेन कारखान्याच्या तळघरात दोन-अडीचशे वर्षांच्या नक्ष्यांचा साठा असतो. आणि दारात असतो आजचा गिऱ्हाईक, ज्याला आजीचा संच जसाच्या तसा नको असतो, पण निव्वळ पांढरी बशीही कंटाळवाणी वाटते. या दोघांची गाठ घालून देणे हा गेल्या पाव शतकात मोठाच उद्योग झाला आहे. जाहिरातीत त्याला ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम’ म्हणतात. हा शब्दप्रयोग इतका झिजला आहे की, त्यातून नेमके काय कशाला मिळाले हे कोणी विचारत नाही. समीक्षेने निदान तेवढे विचारायला हवे.

त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कारखान्याची अगदी पहिली नक्षी, आणि त्याच नक्षीवरून २००० साली बाजारात आलेला ‘ब्लू फ्लुटेड मेगा’ हा संच. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हा संच यशस्वी आहे, कारण त्याने जुन्या फुलापेक्षा ते फूल काढणाऱ्या कुंचल्याला बशीचा विषय केले. आणि नेमक्या याच कारणाने, तो कुंचला कोणाच्या हातात आहे हा प्रश्न टाळण्याचा अधिकार त्याने गमावला आहे.

मराठीत ‘चिनीमाती’ या एका शब्दात आपण लोणच्याची बरणी, हॉटेलातली कपबशी आणि न्हाणीघरातले भांडे असे सगळेच बसवतो. इथे मला अभिप्रेत आहे ते पोर्सिलेन. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचे मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले की ते घट्ट, पाणी न शोषणारे आणि पातळ कडेतून उजेड दाखवणारे होते. चीनमध्ये हे शेकडो वर्षे ठाऊक होते. युरोपला त्याचे गमक सापडायला अठरावे शतक उजाडले. जर्मनीतल्या मायसेन इथे १७१० मध्ये पहिला कारखाना उभा राहिला, आणि ते गुपित फुटत फुटत एकेका राजदरबारी पोहोचले.

*क्रमांक एक*

कोपनहेगनचा कारखाना १ मे १७७५ रोजी स्थापन झाला. त्यामागची खटपट फ्रान्झ हाइनरिक म्युलर या रसायनज्ञाची आणि पाठबळ राणी युलियाने मारी हिचे. कारखान्याची खूण म्हणून तीन नागमोडी रेघा ठरल्या. डेन्मार्कच्या भूभागांमधून वाहणाऱ्या तीन सामुद्रधुन्यांच्या त्या रेघा आजही प्रत्येक नगाच्या पाठीवर असतात. पहिल्या नक्षीला क्रमांक मिळाला एक. डॅनिश भाषेतल्या तिच्या नावात शिंपला आहे, कारण ज्या भांड्यांवर ती काढली जाई त्यांच्या अंगावर शिंपल्यासारख्या पन्हळी असत. इंग्रजीत ती ‘ब्लू फ्लुटेड’ झाली. मी तिला पन्हळी नक्षी म्हणेन.

ही ‘पहिली’ नक्षी कोपनहेगनमध्ये जन्मलेली नव्हती. ती आली मायसेनहून, जिथे १७४० च्या सुमारास तशाच फुलांची निळी नक्षी तयार झाली होती. आणि मायसेनच्या चित्रकारांसमोर नमुना होता चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा. शेवंतीसारखे एक फूल, पाच पाकळ्यांचे दुसरे एक फूल, त्यांना जोडणारी वेल आणि बशीचे समान भाग पाडणाऱ्या रेषा असा तिचा संसार. चिनी वनस्पतींशी फारशी ओळख नसलेल्या युरोपीय हातांनी ती गिरवली, गिरवताना सोपी केली, आणि तीन-चार पिढ्यांनंतर मूळ फूल कोणते होते हे सांगणे अवघड झाले. मायसेनच्याच दुसऱ्या एका प्रसिद्ध नक्षीत तर चिनी फळांना युरोपीय लोक कांदे समजले आणि तिचे नाव कायमचे ‘कांदा नक्षी’ पडले.

निळे-पांढरे पोर्सिलेन कोपनहेगनला आधीच समुद्रमार्गे येत होते. १७३२ मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश एशियाटिक कंपनीची जहाजे कँटनला जात. याच कंपनीकडे १७७७ पर्यंत तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या ठाण्याचा कारभार होता, आणि त्या जागेपोटी डॅनिश लोक तंजावरच्या गादीला, म्हणजे त्या काळात भोसल्यांना, दरसाल ठरावीक रक्कम देत. ज्या व्यापाराने चिनी नक्षी उत्तरेला नेली त्याच व्यापाराच्या वहीत आपल्या एका मराठी दरबाराचेही खाते होते, हे नोंदवून पुढे जातो.

सांगायचा मुद्दा असा की, ज्या नक्षीला आज डॅनिश घराची ओळख मानतात ती तिसऱ्या हातची आहे. यात कमीपणा काहीच नाही. मात्र ‘आमची अस्सल परंपरा’ असे म्हणताना परंपरा कशात आहे ते नीट सांगावे लागते. फूल तर उसने आहे. मग कोपनहेगनचे स्वतःचे काय?

*चूक न पुसणारी माती*

उत्तर भट्टीत सापडते. या प्रकारच्या कामात बशी आधी कमी आचेवर एकदा भाजतात. ती कोरडी, सच्छिद्र आणि खडूसारखी होते. तिच्यावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढतात, वरून झिलई देतात आणि मग मोठ्या आचेवर पुन्हा भाजतात. त्या आचेत टिकून राहणारे रंग मोजकेच, आणि त्यांत कोबाल्टचा निळा सर्वांत भरवशाचा. म्हणूनच चीनपासून हॉलंडपर्यंत हा निळा पसरला. त्यामागे निवड जितकी होती तितकीच आचेची सक्ती होती.

रंगवताना हा रंग निळा दिसत नाही. तो काळपट, मळकट दिसतो. भट्टीतून बाहेर आल्यावरच त्याचे खरे रूप कळते. शिवाय सच्छिद्र बशी रंग क्षणात पिऊन टाकते. रेघ थरथरली, कुंचला क्षणभर जास्त थांबला, तर तो ठिपका तसाच राहतो. कागदावर खोडता येते, कॅनव्हासवर वरून रंग देता येतो. इथे पहिला फटकारा हाच शेवटचा. त्यामुळे पन्हळी नक्षी शिकायला काही वर्षांची उमेदवारी लागते. साध्या पन्हळी नक्षीच्या एका जेवणाच्या बशीसाठी हजाराहून अधिक फटकारे लागतात असे कारखाना सांगतो.

तेव्हा कोपनहेगनचे स्वतःचे जे आहे ते या फटकाऱ्यात आहे. फुलाचा आकार कोणीही उचलू शकतो, आणि अनेकांनी उचललाही. पण रेघ कुठे जाड होते, कुठे विरते, पाकळीत भरलेला रंग कडेकडे कसा पातळ होत जातो, ही लकब एका हाताने दुसऱ्या हाताला समोर बसवून शिकवावी लागते. परंपरा म्हणून जे काही आहे ते इथे आहे.

*जाळी, रेघ आणि फूल*

या नक्षीच्या आयुष्यातले तीन टप्पे शेजारी ठेवले की काळाची चाल स्पष्ट दिसते.

पहिला टप्पा आर्नोल्ड क्रोगचा. १८८५ मध्ये हा वास्तुरचनाकार कारखान्याचा कलासंचालक झाला. बऱ्याचशा विसरलेल्या पन्हळी नक्षीची त्याने नव्याने मांडणी केली. लेससारखी जाळीदार किनार असलेले तिचे श्रीमंत प्रकार त्याच्याच काळात आजच्या रूपाला आले. एकोणिसाव्या शतकाला मोकळी जागा सहन होत नसे, आणि क्रोगच्या बशीत पांढऱ्याला बसायला जेमतेम जागा आहे.

दुसरा टप्पा नक्षी हद्दपार होण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या ॲडॉल्फ लोसने अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवले, आणि १९३१ मध्ये बर्लिनच्या केपीएम कारखान्यासाठी ट्रूडे पेट्रीने ‘उर्बिनो’ हा संपूर्ण पांढरा संच केला. त्यात आकार हेच सर्वस्व. कोपनहेगनलाही हे वारे लागले. १९६५ मध्ये ग्रेथे मायर हिने याच कारखान्यासाठी ‘ब्लो कान्त’, म्हणजे ‘निळी कड’, हा संच केला. पोर्सिलेनऐवजी फायान्स या साध्या जातीच्या मातीचा. पांढुरके भांडे आणि कडेला एक बारीक निळी रेघ, बस्स. क्रोगच्या जाळीचे ऐंशी वर्षांत एका रेघेत रूपांतर झाले.

तिसरा टप्पा २००० सालचा. कारेन केल्गोर-लार्सन या डॅनिश डिझाइन शाळेत शिकलेल्या तरुणीने पन्हळी नक्षीचा एक तुकडा घेतला आणि तो कित्येक पट मोठा केला. आकार जुनेच, पन्हळीही जुन्याच. बदलले ते प्रमाण. पूर्वी बशीभर विखुरलेल्या बारीक फुलांपैकी एकच फूल आता अर्धी बशी व्यापते. ते मध्यावर नसते, कडेकडे सरकलेले असते, काही ठिकाणी कडेने कापलेही जाते. दुसऱ्या बशीवर वेलीचा फक्त एक वळसा. एका संचातल्या सगळ्या बशा एकसारख्या नाहीत, आणि उरलेला पांढरा रिकामाच सोडलेला आहे.

यावर एक आक्षेप लगेच येतो: मोठे केले, एवढेच ना? झेरॉक्सवाल्याचे बटण दाबण्याला रचना म्हणायचे का? आक्षेप रास्त आहे, त्यामुळे उत्तर तपशिलात द्यायला हवे. लहान नक्षीत आपण फूल पाहतो आणि फटकारा आपल्या नजरेतून सुटतो. रेघ केसाएवढी असते, तिच्यातला चढउतार नक्षीच्या एकूण गर्दीत विरघळतो. तीच रेघ बोटाएवढी झाली की फूल मागे पडते आणि कुंचल्याची चाल पुढे येते. तो कुठे टेकला, कुठे ओढला, कुठे उचलला, हे जेवणाऱ्याला डोळ्यांनी वाचता येते. मोठ्या पाकळीत भरलेल्या निळ्याची गडद-फिकी छटा लपवायला आता शेजारी दहा फुले नाहीत. थोडक्यात, शतकानुशतके ज्या कौशल्याने फुलाची चाकरी केली ते कौशल्यच इथे चित्र झाले. कोणता तुकडा घ्यायचा, कुठे कापायचा, किती पांढरे ठेवायचे हे तीन निर्णय बटण घेत नाही. आणि ते पांढरे सोडायला मधल्या काळात ‘निळी कड’ होऊन जावी लागली. मेगा क्रोगचे वारस आहे तितकेच ग्रेथे मायरचेही आहे.

*अन्नाखाली*

जेवणाच्या भांड्याची समीक्षा काचेच्या कपाटासमोर उभे राहून करता येत नाही. त्यात अन्न वाढायचे असते. आपल्याकडे सणाच्या पंगतीत अलंकरण ताटाबाहेर असते. रांगोळी ताटाभोवती, आणि ताटात मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली. युरोपीय बशीने अलंकरण आत घेतले आणि बहुधा कडेवर ठेवले, म्हणजे मधे अन्न आणि भोवती चौकट. पन्हळी नक्षी मध्यापर्यंत जाते, पण इतकी बारीक आणि समतोल आहे की अन्नाने कुठलाही भाग झाकला तरी फरक पडत नाही.

मेगामध्ये फरक पडतो. एका बाजूला सरकलेले मोठे फूल आणि दुसऱ्या बाजूला पांढरी मोकळी जागा अशी बशी समोर आली की वाढणारा नकळत त्या पांढऱ्यात वाढतो. जेवण चालू असताना फुलाचा काही भाग दिसतो, काही संपताना उघडा पडतो. ही बशी वापरात जास्त चांगली दिसते, आणि जेवणाच्या भांड्याबद्दल याहून मोठी शिफारस नाही. तिची मर्यादाही वापरातच कळते. लहान पेल्यावर तोच तुकडा काय आहे ते उमगत नाही, निळा डाग पडल्यासारखा वाटतो. कारखान्याने यश पाहून ही युक्ती जवळजवळ प्रत्येक आकारावर चढवली, तिथे ती पातळ झाली आहे.

तुलनेसाठी म्युनिकमधल्या निम्फेनबुर्ग कारखान्याचे एक काम पाहू. डच रचनाकार हेला योंगेरियस हिने २००४ मध्ये तिथल्या संग्रहातले जुने प्राण्यांचे पुतळे उचलून वाडग्यांच्या मधोमध बसवले. वाडग्यावरची नक्षी प्राण्याच्या अंगावरही चढते, जुने आणि नवे एकमेकांत मिसळते. संग्रहालयात हे काम मोहक आहे आणि बुद्धिमानही. पण ज्या वाडग्यात आधीच हरीण बसले आहे त्यात फळे ठेवायची कुठे? जुन्याचे नव्याशी नाते तिने शोधले, भांड्याचे अन्नाशी असलेले नाते मात्र सोडून दिले. तिला ते सोडायचेच असावे. तरी ‘टेबलवेअर’ म्हणून मोजताना हे गुण कमी होतात.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे छापील चिकटचित्रांचा बाजार. संग्रहातले एखादे जुने फूल घ्यायचे, त्याचा रंग बदलायचा, चौकोनी बशीवर छापून चिकटवायचे आणि ‘वारसा’ नावाने विकायचे. इथे फुलाने आकाराला काही विचारलेले नसते आणि आकाराने फुलाला. छापील असणे हा त्यातला दोष नाही. छापीलपणा लपवून हाताच्या रेघेची नक्कल करणे हा दोष आहे.

*हात कोणाचा*

आता सुरुवातीच्या म्हणण्याच्या दुसऱ्या भागाकडे येतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉयल कोपनहेगनने आपले बहुतेक उत्पादन टप्प्याटप्प्याने थायलंडला हलवले. २०१३ पासून कारखाना फिनलंडच्या फिस्कार्स समूहाच्या मालकीचा आहे. मेगाची फुले हातानेच रंगवली जातात, फक्त ते हात बहुतांशी थाई आहेत.

यावर डेन्मार्कमध्ये हळहळ झाली, नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी ती खरीच होती. पण ‘आता नक्षी अस्सल राहिली नाही’ हा सूर मला पटत नाही. फूल चीनमधून मायसेनला आणि मायसेनमधून कोपनहेगनला गेले तेव्हा ते अस्सल राहिले, आणि आशियात परतले की नकली झाले, हा न्याय कोणता? परंपरा जर फटकाऱ्याच्या शिकवणीत असेल, तर ती शिकवण ज्याने घेतली तो तिचा वारस. त्याचा देश कोणता, हा प्रश्न इथे गौण आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. ती नावाबद्दलची आहे. बशी उलटी केली की पाठीवर तीन रेघा दिसतात, त्या समुद्राच्या. आकड्यांत नक्षी आणि आकार. आणि शेजारी कुंचल्याने काढलेली एक छोटी खूण, रंगवणाऱ्याची. ती खूण कारखान्याच्या शिस्तीचा भाग आहे. कोणत्या हाताचे काम ते कारखान्याला कळावे म्हणून. गिऱ्हाइकाला ती वाचता येत नाही. केल्गोर-लार्सनचे नाव मात्र प्रत्येक माहितीपत्रकात असते, आणि ते असायलाच हवे.

इतिहासात याला अपवाद आहेत. याच कारखान्यात १७९० मध्ये ‘फ्लोरा डॅनिका’ हा १८०२ नगांचा राजेशाही संच सुरू झाला. डेन्मार्कच्या वनस्पतींच्या शास्त्रीय ग्रंथातली चित्रे त्यावर उतरवली गेली. त्यातली बहुतेक चित्रे योहान क्रिस्टोफ बायर या एकाच माणसाने काढली, आणि त्याचे नाव सव्वादोनशे वर्षे टिकून आहे. पन्हळी नक्षी काढणाऱ्या निळ्याच्या कारागिरांना, ज्यांत पुढे स्त्रियांची संख्या मोठी होती, तसे नाव कधी मिळाले नाही. रोजच्या बशीचे काम रोजंदारीचे मानले गेले. थायलंडला गेल्यावर ही जुनीच रीत पुढे चालू राहिली, फक्त हात आणखी दूर गेले.

जुन्या नक्षीपुरती ही रीत निदान समजण्यासारखी होती, कारण तिथे फटकाऱ्याने स्वतःला लपवायचे हाच नियम होता. एका कारागिराची बशी दुसऱ्याच्या बशीशेजारी खपली पाहिजे. मेगाने हा नियम उलटा केला. एका फुलात एका माणसाचा हात इतका मोठा करून दाखवला की तो दिसल्यावाचून राहत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते त्या थरथरीचे, त्या विरत गेलेल्या निळ्याचे. मग ‘हस्तचित्रित’ एवढ्या एका विशेषणावर भागवणे हे अर्धवट सांगणे आहे. हात दाखवायचा आणि माणूस झाकायचा, हे या संचाच्या स्वतःच्या तर्काशीच जुळत नाही.

उपाय अवघड नाही. मायसेनच्या कांदा नक्षीची जगभर नक्कल होऊ लागली तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मायसेनने आपल्या दोन तलवारींची खूण चित्रातल्या बांबूच्या बुंध्यापाशी, बशीच्या दर्शनी बाजूलाही आणली. मालकीचा प्रश्न आला तेव्हा खूण पुढे आणता आली. तर मग रंगवणाऱ्याची खूण कशाची हे पाहणाऱ्याला कळेल अशी व्यवस्था का करता येऊ नये? संचाबरोबर येणाऱ्या पत्रकात रचनाकाराच्या नावाखाली एक ओळ वाढवायची: ही बशी कोणी रंगवली आणि कुठे. तोवर पाहणाऱ्याने निदान एवढे करावे. मेगाची बशी हातात आली तर आधी फूल मन भरून पाहावे, मग ती सांभाळून उलटी करावी, आणि तीन लाटांच्या शेजारची ती छोटी निळी खूण शोधावी. समोरच्या बाजूला जे आवडले ते तिचे काम आहे.